बोर्ड गेलेला नाही, पंखा गेलाय

छताचा पंखा मंद फिरायला लागला तर काय करायचं, हे आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक घरात कुणाला तरी माहीत असतं. कंडेन्सर बदलायचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ‘अडीचचा द्या’ म्हणायचं, मेन स्विच पाडायचा, स्टुलावर चढायचं. मिक्सरमध्ये ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश. कुकरची वाफ कडेनं जायला लागली तर रिंग. रिंग सैल झाली म्हणून कुणी नवा कुकर आणला, तर शेजारीपाजारी चार दिवस हसतील.

त्याच घरात, असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा थांबला की मात्र सगळ्यांची अक्कल गहाण पडते. मशीन आपोआप बंद होतं, चालू केलं की दहा मिनिटांनी पुन्हा बंद होतं. मग ते रिक्षात घालून दुकानात न्यायचं. दुकानदार डबा उघडतो, किंवा उघडल्यासारखं करतो, आणि सांगतो, ‘बोर्ड गेला.’ हे वाक्य आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या निकालासारखं ऐकून घेतलं जातं. त्यावर अपील नाही. कुणी विचारत नाही की बोर्डातलं नेमकं काय गेलं, कशावरून कळलं, आणि डब्यातल्या ज्या एकमेव फिरत्या वस्तूकडे आधी बघायला हवं होतं, तिच्याकडे तुम्ही बघितलंत का.

मी गेली बारा-तेरा वर्षं स्वतःची आणि ओळखीपाळखीच्यांची मशीनं जोडतो आहे. धंदा म्हणून नाही, खाज म्हणून. ‘बोर्ड गेला’ असा दाखला घेऊन माझ्याकडे आलेल्या काही मशीनांचा बोर्ड खरंच गेलेला होता. पण थांबलेला पंखा, साचलेली धूळ, वाळून खडू झालेली पेस्ट आणि संपलेला सेल, एवढ्याच कारणांवरून जिवंतपणी मृत घोषित झालेली मशीनं त्याहून पुष्कळ जास्त होती. हे अज्ञानामुळे होतं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. या अज्ञानावर बऱ्याच जणांची चूल पेटते, आणि ती पेटती राहावी अशी सोय दुकानापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे नीट करून ठेवलेली आहे.

आधी पंखा मरतो कसा ते बघू, म्हणजे हा राग कशाबद्दल आहे ते कळेल.

प्रोसेसरबरोबर डब्यात येणाऱ्या साध्या पंख्यांत बहुतेक वेळा एक बारीक दांडी सच्छिद्र धातूच्या छोट्या नळीत फिरत असते. त्या नळीत तेल मुरवलेलं असतं. दांडी त्या तेलाच्या पापुद्र्यावर फिरते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर तासाला एक लाख वीस हजार होतात. दिवसाला आठ तास मशीन चाललं तर साडेनऊ लाखांच्या वर. तेल उष्णतेनं हळूहळू उडतं, उरलेलं घट्ट होतं, त्यात धूळ मिसळते. बॉल बेअरिंगचे किंवा द्रव बेअरिंगचे महाग पंखे जास्त टिकतात, पण झिजायचं त्यांनाही चुकत नाही. झिजणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. कार्बन ब्रशसारखा तो संपण्यासाठीच असतो, म्हणून तर तो वेगळा, स्क्रूनं किंवा खिट्टीनं बसवलेला असतो.

त्यात आपल्या घरांतली धूळ ही नुसती धूळ नसते. तिच्यात फोडणीचा धूर असतो, सकाळ-संध्याकाळची उदबत्ती असते, डासांची कॉइल असते. या सगळ्यानं ती चिकट होते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीसारखी बसते. पंखा फिरतो, पण हवा पुढे जात नाही. तेव्हा बोर्ड त्याला आणखी जोरात फिरायला सांगतो, आणि तो आणखी लवकर झिजतो.

आणि या सगळ्याच्या वर ते कॉम्प्युटर टेबल. फर्निचरच्या दुकानात मिळणारं, सनमायका मारलेलं, कीबोर्डसाठी सरकता ट्रे असलेलं. त्याच्या एका बाजूला ‘सीपीयू ठेवायला’ एक बंद कप्पा असतो, काही टेबलांना तर त्याला दारही असतं. ज्यानं हा कप्पा शोधला त्याला कुणीतरी मे महिन्यात त्यात बसवायला हवं. पंखा काही थंड हवा तयार करत नाही. तो फक्त जवळची हवा ढकलतो. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ ला राहतो, तो ४२ अंशांच्या खोलीत, तेच काम करताना, ९० च्या पुढे जाणारच. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. कप्प्याच्या आत मशीन आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेत असतं. त्यावर आपण झालर लावलेलं कव्हर घालतो, धूळ बसू नये म्हणून. दिवाळीत घरातली भांडी, डबे, पडदे, देव, सगळं घासून निघतं. हा एक डबा तेवढा बाहेरून पुसला जातो.

तरीही पंखा अचानक मरत नाही. त्याच्या स्वभावात ते नाही. थंडीतल्या सकाळी मशीन चालू केलं की आधी घर्रर्र आवाज येतो आणि पाच मिनिटांनी तेल पातळ झालं की थांबतो. पुढे तो आवाज दिवसभर राहतो. मग डबा हलका थरथरायला लागतो. कुणीतरी वरून एक चापट मारतं आणि तो गप्प होतो. त्याच्याही पुढे पंख्याला सुरू व्हायला बोटाचा धक्का लागतो. मग एक दिवस तो सुरू होत नाही. हे सगळं व्हायला महिने लागतात. फिरत्या हार्ड डिस्क घरांतून जवळजवळ गेल्यापासून कॉम्प्युटरमध्ये मरण्याआधी इतका वेळ, इतक्या मोठ्यानं ओरडणारा दुसरा भाग उरलेला नाही.

आणि नेमका हाच आवाज ऐकू येऊ नये, अशी सगळी रचना आहे.

प्रोसेसरपासून सुरू करू. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या साइटनं एक व्हिडिओ केला होता. चालू मशीनमधल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला करायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला, धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र जळला नाही. त्यानं आपला वेग कमी केला आणि रांगत राहिला. त्या व्हिडिओनं तेव्हा पुष्कळ खळबळ उडवली. आज सगळेच प्रोसेसर असं करतात. शंभर अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला आवरतात, त्याहूनही वर गेले तर मशीन बंद पाडतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या चांगल्या गोष्टीचा एक परिणाम असा झाला की पंखा मेल्याचं लक्षण आता धूर राहिलेलं नाही. लक्षण आहे ‘मशीन स्लो झालंय’. आणि स्लो झालेल्या मशीनवर आपल्याकडे एकच औषध सांगितलं जातं: जुनं झालं, नवीन घ्या.

मग विंडोज. अपडेट आलं की विंडोज सांगतं, अँटिव्हायरस संपत आला की सांगतं, बाहेर पाऊस पडणार असेल तर तेही कोपऱ्यात सांगतं. तुमच्या प्रोसेसरचा पंखा थांबलाय, हे सांगत नाही. माहिती नसते असं नाही. पंख्याच्या तीन तारांपैकी एक केवळ एवढ्याचसाठी असते. दर फेऱ्याला दोन स्पंदनं त्या तारेतून बोर्डाकडे जातात आणि बोर्ड त्यावरून वेग मोजतो. म्हणजे मशीनला कळलेलं असतं. पण टास्क मॅनेजर उघडलात तर मेमरी दिसेल, डिस्क दिसेल, नेटवर्क दिसेल. पंख्याचा वेग नाही, प्रोसेसरचं तापमान नाही. त्यासाठी बायोसमध्ये जायचं किंवा वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं. काही बोर्ड सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ लिहून एफ-१ दाबायला सांगतात. मी अशी माणसं बघितली आहेत जी सहा-सहा महिने रोज सकाळी, देवाला नमस्कार केल्यासारखं, एफ-१ दाबून कामाला लागतात.

माझी मावसबहीण अकोल्यात घरूनच हिशेबाचं काम करते. पंधरा-सोळा छोट्या दुकानदारांची टॅली आणि जीएसटीची रिटर्न. २०१९ मध्ये जोडलेलं मशीन. एका मे महिन्याच्या सोळा तारखेला ते बंद पडायला लागलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, जीएसटीचं ३-बी भरायची तारीख २० असते, आणि उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये दंड सुरू होतो. गिऱ्हाईक तो दंड स्वतः भरत नाही, हिशेब लिहिणारीच्या पैशातून कापतो. दुकानात मशीन दीड दिवस होतं. उत्तर आलं, ‘मॅडम, बोर्ड गेला. या जनरेशनचा बोर्ड आता येत नाही. मिळाला तरी जुना मिळेल, गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवा सेटच घ्या.’ कोटेशन २६ हजारांचं. तिनं मला फोन केला तो पंख्याबद्दल विचारायला नव्हे, ‘दादा, हप्त्यावर घेऊ का गिऱ्हाईकं सोडून देऊ?’ असं विचारायला.

मी तिला मशीन घरी आणायला लावलं आणि व्हिडिओ कॉलवर बाजूचा पत्रा काढायला सांगितला. मागचे दोन स्क्रू, पत्रा मागे सरकवला, निघाला. बटण दाबलं.

‘फिरतोय का?’

‘थोडा हलला नि थांबला रे.’

बटण बंद, प्लग काढ, आता बोटानं फिरव. चांगला पंखा अशा वेळी तीन-चार फेरे अलगद मारतो. हा पाव फेऱ्यात अडकला. साडेसहाशे रुपयांचा नवा कूलर आला. खालच्या चार खिट्ट्या फिरवून जुना निघतो आणि दाबून नवा बसतो; पेस्ट त्याला लावलेलीच होती. एकोणीस तारखेला तिची सगळी रिटर्न भरून झाली. साडेसहाशे आणि सव्वीस हजार. त्या दुकानानं तपासणीचे पैसे मात्र घेतले नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागेल.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की ही सगळी जुनी रड आहे, आता कोण डेस्कटॉप वापरतं? सगळं मोबाइलवर होतं.

होतं ना. तुम्ही हे मोबाइलवरच वाचताय. मग मोबाइलचं बोलू. तुमच्या हातातल्या यंत्रात पंखा नाही, याचा अर्थ ते तापत नाही असा नाही. उन्हात मॅप लावून गाडी चालवताना पडदा अंधारतो, चार्जिंग थांबतं, गेममध्ये अर्ध्या तासानंतर चित्र अडखळायला लागतं. हे त्या पेंटियम ४ चंच रांगणं आहे. फक्त इथे ऐकायला आवाज नाही आणि उघडायला स्क्रू नाही. आपली यंत्रं आपल्याला न सांगता हळू केली जातात, हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम हळू केले जातात हे अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, तेही लोकांनी वेग मोजून दाखवल्यावर. २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनमधली एक सेवा अ‍ॅपचा वेग दाबते हे असंच बाहेर आलं. दोन्ही वेळा कंपन्यांकडे कारणं होती, त्यातली काही पटण्यासारखीही होती. पण सांगितलं का नव्हतं? आणि गंमत बघा, गेम खेळणाऱ्या पोरांनी शेवटी काय केलं? फोनच्या पाठीला चिमटा लावून बसवायचे पंखे विकत घेतले.

पंख्याची लाज वाटणं हे जुनं दुखणं आहे. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज खपत नसे. १९८० चा अ‍ॅपल ३ त्याच्या हट्टापायी बिनपंख्याचा निघाला आणि इतका तापायचा की आतल्या चिप बैठकीतून सैल व्हायच्या. मशीन काही इंच उचलून टेबलावर सोडा, म्हणजे चिप पुन्हा बसतील, असा उपाय तेव्हा सांगितला जायचा. १९८४ चा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचा. २००० साली आलेला जी-४ क्यूबही, आणि तो वर्षभरात थांबवला गेला. २०२० च्या शेवटी मॅकबुक एअरमध्ये अ‍ॅपलनं स्वतःची चिप घालून पंखा काढला, तो प्रयोग मात्र जमला, कारण ती चिपच मुळात कमी वीज खाते. ते श्रेय द्यायलाच हवं. कमी तापणाऱ्या यंत्राला पंखा नसला तर माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पंख्याबरोबर स्क्रूही काढून घेण्याबद्दल.

उलट टोक बघायचं असेल तर आजचे ‘गेमिंग’ कॅबिनेट बघा. पुढे काच, बाजूला काच, आत इंद्रधनुष्य. ज्या बाजूनं हवा आत यायची तिथेच काच. म्हणजे नाकावर उशी ठेवून पळायला सांगायचं. आणि ते रंगीत पंखे! स्वस्तातले बरेचसे एका छोट्या डबीला, आपापल्या वेगळ्याच सहा पिनांच्या जोडणीनं लावलेले असतात. बोर्डाकडे वेग सांगणारी तार जातच नाही. असा पंखा थांबला तर बोर्डाला कळत नाही, बायोसला कळत नाही, आणि बघणाऱ्यालाही कळत नाही, कारण दिवा चालूच राहतो. मी एका मुलाचं मशीन बघितलं, लग्नाच्या मांडवासारखं झगमगत होतं. पुढच्या तीन पंख्यांपैकी दोन मेलेले. त्यानं प्रोसेसर बदलायला पैसे साठवायला घेतले होते.

इथपर्यंत घरच्या गोष्टी झाल्या. मला सगळ्यात जास्त राग जिथे आला ती जागा वेगळी आहे.

एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती. खोलीला कुलूप. आत भिंतीला लागून अकरा मशीनं, प्रत्येकावर फुलाफुलांची चादर. कुणी मेलं की घालतात तशी. सातवी-आठवीच्या मुलांच्या पुस्तकात माउसचं चित्र आहे; माउस खोलीत आहे; मधे कुलूप आहे. मी विचारलं, उघडून बघू का? मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘सर, हात लावू नका. डेडस्टॉकला आहेत. ऑडिट येतं.’

ज्यांचा सरकारी शाळेशी संबंध आला नाही त्यांना डेडस्टॉक म्हणजे मेलेला माल वाटेल. तसं नाही. टेबल, खुर्ची, घंटा, कपाट अशा टिकाऊ वस्तूंची नोंद ज्या रजिस्टरात होते ते डेडस्टॉक. अकरा मशीनं घेतली, अकरा नोंदवली, अकरा दिसली पाहिजेत. चालू आहेत की बंद, हा रकाना कुणाच्या जिवाला घोर लावत नाही. वस्तू हरवली तर गुरुजींच्या पगारातून जाईल. बंद पडली तर कुणाच्याच खिशातून काही जात नाही. मग उघडण्याचा धोका कोण घेणार? अजून काही वर्षांनी निर्लेखनाचा प्रस्ताव जाईल, मशीनं भंगारात निघतील आणि खोलीत नव्या मशीनांचं उद्घाटन होईल. पंख्यासाठी तीनशे रुपये खर्चायला शाळेकडे शीर्ष नाही. नव्या संचासाठी मात्र योजना येत राहतात.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन पालकांनी पत्र दिलं, समितीनं ठराव केला, तेव्हा एका शनिवारी कुलूप निघालं. अकरांपैकी सहा मशीनं त्या दिवशी आणि पुढच्या शनिवारी मिळून चालू झाली. एकाची मेमरी काढून तिचे पितळी दात खोडरबरनं घासले, बाकी काही केलं नाही. दोघांना सीआर-२०३२ सेल. दोघांना पंखे. एकाला फक्त रंगाचा ब्रश आणि नवी पेस्ट. त्याच्या हीटसिंकमधून निघालेल्या धुळीची सातवीतल्या एका मुलीनं वर्तमानपत्रावर गोळी वळली आणि ‘ही मांजर आहे’ म्हणून सगळ्यांना दाखवली. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. उरलेल्या पाचांपैकी तिघांचे बोर्ड खरंच गेलेले होते, कपॅसिटर फुगलेले. दोघांचं काय झालं ते त्या दोन शनिवारांत निघालं नाही. ती सहा मशीनं चादरीखाली किती वर्षं होती हे रजिस्टर बघून मोजता आलं. चार. म्हणजे मुलांच्या चार तुकड्या माउसचं चित्र बघून पुढे गेल्या.

तेव्हा ‘राइट टू रिपेअर’ या गोष्टीकडे मी जरा वाकडा बघतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये त्या नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. दोन्ही हवेच होते. पण पोर्टलवरून सर्व्हिस सेंटरचा नंबर मिळणं आणि दुरुस्तीचा हक्क असणं यात फरक आहे. घरी जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये तो हक्क आधीपासून आहे, आणि तो कुठल्या कायद्यानं दिलेला नाही. तो मापांनी दिलेला आहे. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवलं. बोर्डाची भोकं कुठे, पॉवर सप्लाय केवढा, हे त्यात आलं. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या दोन भोकांतलं अंतर १०५ मिलिमीटर. वीज १२ व्होल्ट. ऑस्ट्रियाच्या कंपनीचा घ्या, तैवानच्या घ्या, नाहीतर बिननावाचा घ्या, बसतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, तुमच्या तालुक्याच्या गावी एखाद्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानात, मिळतो. आपल्याकडे इतकी लोकशाही दुसऱ्या फार थोड्या वस्तूंत आहे. काही मोठ्या कंपन्या आपल्या तयार डेस्कटॉपमध्ये मुद्दाम वेगळ्या पिनांचे पंखे आणि वेगळ्या मापाचे पॉवर सप्लाय घालतात. ग्राफिक्स कार्डांचे पंखे तर प्रत्येक मॉडेलला निराळे. माझ्या मते कायदा करायचाच तर तो इथे करा: झिजणारा प्रत्येक भाग ठरलेल्या मापाचा हवा आणि हातानं काढता यायला हवा.

‘उघडलं तर वॉरंटी जाते’ हे भूतही एकदा उतरवायला हवं. जोडलेल्या मशीनमध्ये वॉरंटी डब्याची नसते. बोर्डाची बोर्डाला, मेमरीची मेमरीला, अशी वेगवेगळी असते. बाजूचा पत्रा काढून आत डोकावल्यानं ती कुठे जात नाही. डब्याच्या स्क्रूवर दुकानदारानं चिकटवलेला स्टिकर हा दुकानदाराचा असतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, तिथला पंखा मेला तरी. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. तो आख्खा बदलायचा. आणि ब्लोअरनं धूळ उडवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची. हवेनं तो भिरभिर फिरवायला गंमत वाटते, पण तेव्हा तो उलटी वीज तयार करत असतो आणि बेअरिंगही खातो.

आता दुकानदाराकडे येतो. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, आणि वर मी त्या घातल्याही आहेत. पण त्याचा हिशेब मांडून बघा. पंखा बदलला तर त्याला पन्नास रुपये सुटतात. गिऱ्हाईक वरून म्हणतं, चार खिट्ट्यांचे कसले पैसे? तास घालून दोष शोधला, तो ‘एक वायर सैल होती’ एवढाच निघाला, तर गिऱ्हाईक एक पैसा देत नाही. डॉक्टरकडे आपण तपासणीची फी देतो, औषध न देता ‘काही झालेलं नाही’ म्हणाला तरी देतो. कॉम्प्युटरवाल्याकडे मात्र आपण फक्त वस्तूचे पैसे देतो. म्हणजे दोष जेवढा मोठा तेवढी त्याची कमाई. अशा बाजारात प्रत्येक पंख्याचा बोर्ड होणारच. अकोल्याच्या त्या दुकानानं तपासणी फुकट केली होती, आणि फुकट तपासणीची किंमत सव्वीस हजार निघाली.

म्हणून माझी मागणी दुकानदारांपुढेही आहे आणि तुमच्यापुढेही. तपासणीची फी लावा. दोनशे लावा, तीनशे लावा, दारावर पाटी लावा. आणि तुम्ही ती घासाघीस न करता द्या. पण मग पावतीवर लिहून मागा: कुठला भाग बंद पडला, तो कशावरून ओळखला, प्रोसेसरचं तापमान किती होतं, पंख्याचा वेग किती होता. बोर्ड गेला असेल तर बोर्डावरचं काय गेलं. काढलेला भाग पिशवीत घालून परत मागा. शाळांच्या डेडस्टॉक रजिस्टरातही हेच दोन रकाने वाढवा, ‘चालू की बंद’ आणि ‘शेवटचं कधी उघडलं’. आणि तीनशे रुपयांपर्यंतचा सुटा भाग घ्यायचा अधिकार मुख्याध्यापकांना द्या, टेबलाचा पाय मोडला तर सुताराला बोलवायचा असतो तसा.